बेळगावचं तिकीट वेटिंगला असेल तर वास्कोपासून बघा
मे महिन्याच्या सुट्टीला दिल्लीकडं निघायचं म्हटलं की आपल्याकडची माणसं गोवा एक्सप्रेस बघतात. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा. तरीही बेळगावहून वेटिंग दिसलं तर लगेच हताश होऊ नका. गाडी वास्कोहून सुटते आणि वाटेतल्या स्टेशनांचा कोटा बहुतेक वेळा वेगळा असतो. म्हणून वास्को ते दिल्ली असं बघा. जागा असेल तर तिकीट तिथूनच काढा आणि बोर्डिंग स्टेशन मात्र बेळगाव टाका. भाडं थोडं जास्त पडतं, पण म्हातारी आई-वडील सोबत असतील तर पक्का बर्थ मोलाचा. बोर्डिंग बेळगाव न टाकता बेळगावातच चढलात, तर टीसी तुमची जागा दुसऱ्याला देऊ शकतो. हे मात्र विसरू नका.

डब्यात दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या आणि शेंगाचटणी घ्या. चटणीत तेल प्रवासात नको, कोरडीच बांधा. दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. रस्साभाजी नको, उन्हात आंबते.