‘लोनली वुमन’ स्ट्राइड पियानोवर वाजवताय? या चुका टाळा

जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनची ‘लोनली वुमन’ ही रचना मे १९५९मध्ये हॉलिवूडला ध्वनिमुद्रित झाली. अल्टो सॅक्सोफोन, कॉर्नेट, बास आणि ड्रम्स, पियानो नाहीच. तीच रचना १९२०च्या दशकातल्या, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या स्ट्राइड या पियानोशैलीत बसवायला घेतली की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: धून डाव्या हाताच्या तालाला जखडली जाते.

मूळ ध्वनिमुद्रण नीट ऐका. ड्रमर बिली हिगिन्सची झांज पळत असते आणि तिच्यावर धून संथ, विलापासारखी चालते. दोन वेग एकाच वेळी. स्ट्राइडमध्ये डावा हात पहिल्या-तिसऱ्या मात्रेला खर्जाचा सूर आणि दुसऱ्या-चौथ्याला मधल्या सप्तकातला कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवतो, म्हणजे पळण्याचं काम त्याच्याकडे आयतंच येतं. बिघडतं ते उजव्या हातात. प्रत्येक लांब सूर मात्रेवर आणून टेकवला की विलाप जातो आणि कवायत उरते. म्हणून आधी डावा हात एकटाच घोटा; तो चालू असताना कुणाशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. मग त्यावर धून नुसती गुणगुणा, मात्रा न मोजता, आणि फोनवर रेकॉर्ड करा. सूर मात्रेच्या किती आधी किंवा नंतर पडतोय ते ऐका आणि नेमका तिथेच वाजवा.

मूळ ध्वनिमुद्रणात पियानो नसल्यामुळे कॉर्ड तुम्हालाच ठरवायचे असतात, आणि इथे मोह आवरत नाही. दर दोन मात्रांना नवा कॉर्ड कशाला? चार्ली हेडनचा बास डी धरून बसलेला आहे. खर्जात डी आणि ए आलटून-पालटून, मध्ये डी मायनर, एवढं बराच वेळ पुरतं. डीपासून वरच्या एफपर्यंतच्या टेन्थला (दहा पांढऱ्या पट्ट्यांच्या पल्ल्याला) हात पोचत नसेल तर खालचा सूर किंचित आधी वाजवा. हात ताणून मनगट दुखवून घेऊ नका.

कोलमनचे सूर दोन पट्ट्यांच्या मधून वाहतात. पियानोवर मींड नाही, पण म्हणून ते सूर धुऊन स्वच्छ करू नका. हार्मोनियमवर कणस्वर लावतो तसं एफ शार्पच्या काळ्या पट्टीवरून एफवर बोट घसरवा.

डावा हात शेवटपर्यंत एकाच चालीनं चालवला तर कानाला झापड येते. स्ट्राइड पियानोवादक जेम्स पी. जॉन्सनचं १९२१चं ‘कॅरोलिना शाउट’ ऐका: आठ मात्रांचे तीन-तीन-दोन असे गट पाडून तो खर्ज आणि कॉर्डची जागाच बदलतो. स्ट्राइड म्हणजे मूकपटामागची गंमत, असं समजून ही धून विनोदी करणाऱ्यांनी तर हे ऐकायलाच हवं. इतकी अवघड आणि गंभीर कारागिरी पियानोवर फार थोडी आहे.

खर्जाचा सूर वारंवार हुकत असेल तर हात उंच उडतोय. पट्ट्यांना लगटून न्या. सगळंच गढूळ वाटत असेल तर पेडल सोडा आणि एखाद्या लांब सुरापुरतंच दाबा.