न्यू जर्सीचा इतिहास समजून घ्यायचाय? मग ‘जमीन कोणाची, मत कोणाचं’ हे दोन प्रश्न धरून चला

न्यू जर्सीत आपली मराठी माणसं भरपूर, एडिसनला जा नाहीतर जर्सी सिटीला, मराठी कानावर पडतंच. पण राज्याचा इतिहास काढला की गाडी स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनने डेलावेअर नदी ओलांडली तिथेच थांबते. पोरांना शाळेत प्रोजेक्ट येतो तेव्हा आईबाबांची पण धावपळ होते. म्हणून कुठून सुरुवात करायची ते लिहितोय.

आधी एक वही घ्या. तारखा पाठ करायला बसू नका, पंधरा मिनिटांत कंटाळा येईल. प्रत्येक काळासाठी दोनच प्रश्न लिहा, तेव्हा जमीन कोणाच्या नावावर होती आणि मत कोणाला देता येत होतं. या राज्याची जवळजवळ सगळी भांडणं या दोन गोष्टींवरून झालीत, त्यामुळे पुढचं आपोआप जुळत जातं.

पायरी १: नकाशा काढा

सगळ्यात आधी लेनापी या इथल्या मूळ रहिवासी लोकांचं नाव लिहा, ही भूमी त्यांची. पॅसेइक, हॅकेन्सॅक, रॅरिटन ही नद्यांची नावं त्यांच्याच काळापासूनची. मग 1609 ला दर्यावर्दी हेन्री हडसन डचांच्या वतीने आला, 1638 पासून डेलावेअर नदीकाठी स्वीडिश लोकांनी वसाहत केली, ती 1655 ला डचांनी घेतली, 1660 ला आजच्या जर्सी सिटीत बर्गन गाव वसलं, आणि 1664 ला इंग्रजांनी सगळंच ताब्यात घेतलं. इथे घाई करू नका, कारण खरा गोंधळ इथूनच सुरू होतो. ड्यूक ऑफ यॉर्कने, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या भावाने, ही जमीन बर्कली आणि कार्टरेट या दोन मित्रांना देऊन टाकली, आणि तिकडे न्यूयॉर्कमध्ये बसलेला त्याचाच गव्हर्नर निकल्स, त्याला याचा पत्ताच नाही, तो त्याच जमिनीचे पट्टे वसाहतवाल्यांना वाटत होता! एकाच जमिनीवर दोन-दोन हक्क. त्याची भांडणं पुढे पिढ्यानपिढ्या चालली, 1740 च्या दशकात तर दंगली झाल्या.

आता नकाशावर खाली लिटल एग हार्बरपासून वर वायव्येकडे तिरकी रेघ मारा. 1676 ला प्रांताचे ईस्ट जर्सी आणि वेस्ट जर्सी असे दोन भाग झाले, राजधान्या पर्थ ॲम्बॉय आणि बर्लिंग्टन, आणि वेस्ट जर्सी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांकडे. 1702 ला राणी ॲनने दोन्ही एकत्र केले तरी दोन्हीकडच्या जमीनमालकांची मंडळं चालूच राहिली, ईस्ट जर्सीचं तर 1998 ला बंद झालं. प्रिन्स्टनजवळ याच सीमारेषेच्या नावाचा प्रॉव्हिन्स लाइन रोड आहे, पोरांना तिथे जरूर न्या.

आणि लेनापी? 1758 मध्ये त्यांना बर्लिंग्टन कौंटीत ब्रदरटन नावाची राखीव जागा दिली, आणि 1800 नंतर वर्षा-दोन वर्षांत तीही विकली गेली, ते लोक न्यूयॉर्ककडे निघून गेले. हे वहीत लिहाच, बऱ्याच ठिकाणी एका ओळीत उरकतात आणि मला ते बरोबर वाटत नाही.

पायरी २: एक दिवस गाडी काढून फिरा

वॉशिंग्टन क्रॉसिंग, मग ट्रेंटनचे ओल्ड बॅरक्स (सैनिकांच्या जुन्या बराकी), मग प्रिन्स्टनचं रणांगण. 25 डिसेंबर 1776 च्या रात्री वॉशिंग्टनच्या सैन्याने नदी ओलांडली, सकाळी ट्रेंटनला हेसियन सैनिकांना (इंग्रजांच्या बाजूने लढणारे भाडोत्री जर्मन) गाठलं आणि 3 जानेवारी 1777 ला प्रिन्स्टन जिंकलं. ही तिन्ही ठिकाणं एकाच दिवसात आरामात बघून होतात. मॉरिसटाउन वेगळ्या दिवशी ठेवा, 1779-80 च्या भयंकर हिवाळ्यात सैन्य तिथे जॉकी हॉलोमध्ये राहिलं होतं.

पायरी ३: मताचा प्रश्न नीट तपासा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 1776 च्या राज्यघटनेत मतदार म्हणून ‘सगळे रहिवासी’ असं होतं, अट एवढीच की 50 पौंडांची मालमत्ता हवी आणि वर्षभर तिथे राहिलेलं असावं. म्हणजे अविवाहित बायका आणि विधवा मत द्यायच्या, मालमत्ता असलेले स्वतंत्र कृष्णवर्णीयही द्यायचे. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची धरली जायची म्हणून ती बाहेर. 1807 ला कायदा करून हा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांपुरता केला. मिळालेला हक्क काढून घेतला हो!

त्याच पानावर गुलामगिरी लिहा. 1804 चा कायदा म्हणतो की यापुढे जन्मलेली मुलं स्वतंत्र, पण मुलीने 21 आणि मुलाने 25 वर्षांपर्यंत आईच्या मालकाकडे राबायचं. 1846 ला गुलामगिरी संपली म्हणून सांगितलं तरी उरलेल्यांना ‘आजन्म अप्रेंटिस’ केलं, म्हणजे मालकाशी बांधलेलंच ठेवलं, 1860 च्या जनगणनेत असे 18 जण अजून होते. देशभरातली गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्तीसुद्धा राज्याने 1865 ला आधी नाकारली, मग 1866 च्या जानेवारीत मान्य केली. उत्तरेकडचं राज्य म्हणजे सगळं ठीक असणार असं धरून चालू नका.

पायरी ४: कारखान्यांकडे वळा

पॅटरसनचा ग्रेट फॉल्स बघा, 77 फुटांचा धबधबा. 1791 ला देशाचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कंपनीने याच पाण्याच्या जोरावर उद्योगनगर उभं केलं, पुढे ते रेशमाचं शहर झालं आणि 1913 ला तिथल्या कामगारांनी मोठा संप केला. संशोधक थॉमस एडिसनने 1876 ला मेन्लो पार्कला प्रयोगशाळा काढली, 1879 ला बल्ब तिथलाच, आणि 1954 ला त्या टाउनशिपने त्याचं नाव घेतलं. आपण भारतीय एडिसनच्या ओक ट्री रोडला पोहोचलो ते 1965 च्या इमिग्रेशन कायद्यानंतर, आणि 1987 ला जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ टोळीने भारतीयांवर हल्ले केले तेही याच इतिहासात मोडतं.

पायरी ५: स्वतःच्या घराचा शोध घ्या

कौंटी क्लर्कच्या (काही कौंट्यांत रजिस्टरच्या) ऑफिसात जमिनीचे व्यवहार नोंदलेले असतात, बऱ्याच कौंट्यांचे अलीकडचे ऑनलाइन दिसतात. तुमच्या घराच्या खरेदीखतापासून सुरू करा. त्यात सहसा आधीच्या खताचा पुस्तक क्रमांक आणि पान क्रमांक असतो, तो धरून एकेक मालक मागे जा. सोबत जनगणनेच्या याद्या लावा, पण 1830 च्या आधीच्या शोधत बसू नका, या राज्याच्या जवळजवळ सगळ्या हरवल्यात. फार मागे पोहोचलात तर ट्रेंटनच्या स्टेट आर्काइव्हजमध्ये वसाहतकाळातली खतं आहेत. बर्गनकडे असाल तर डच नावं निघायची शक्यता, खाली सेलमकडे क्वेकर. टाउनच्या लायब्ररीत स्थानिक इतिहासाचं कपाट असतंच, तिथल्या लायब्रेरियनला आधी विचारा, खूप वेळ वाचतो.