भजनी मंडळ ऑनलाईन कसं चालवायचं आणि मग परत एकत्र कसं बसायचं

आमच्या महिला भजनी मंडळाचं मोबाईलचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे दुसऱ्या मंडळातल्या मैत्रिणी सारख्या विचारतात की झूमवर कसं जमवता, म्हणून एकदाच सगळं लिहितेय.

पहिलं म्हणजे ऑनलाईन सगळ्यांनी मिळून गायचा हट्ट सोडा. आवाज प्रत्येकीकडे जरा जरा उशिरा पोचतो, नेट कितीही चांगलं असलं तरी टाळ एकीकडे आणि पेटी दुसरीकडे असंच होणार. एकीनेच गायचं, पेटी तिच्याचजवळ, बाकी सगळ्या म्यूट, आणि आपापल्या घरी मागून ध्रुपद म्हणायचं, ते कुणाला ऐकू जात नाही पण गळा चालू राहतो ना, तेच महत्त्वाचं. जी गाणार तिने झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करायचं, नाहीतर झूम पेटीचा सूर मागचा गोंगाट समजून दाबून टाकतं. फुकटच्या झूमला ४० मिनिटं मिळतात आणि गूगल मीटला तिघीजणी झाल्या की ६०, तेवढ्यात तीन अभंग आणि एक गौळण होते. नवी चाल असेल तर एकेक ओळ वेगळी रेकॉर्ड करून आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर टाका, ज्यांना लिहिलेलं वाचायचा कंटाळा त्याही ऐकून ऐकून बसवतात.

लिंकसाठी ग्रुप वेगळा ठेवा, त्यात फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकेल असं सेटिंग करा, नाहीतर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली लिंक सापडत नाही. वेटिंग रूम चालू ठेवा, म्हणजे तुम्ही घेतल्याशिवाय कुणी आत येत नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना कुणीतरी कॉल लावून स्पीकरजवळ ठेवायचा, त्यांना सोडून पुढे जाऊ नका.

आता परत जमायचं. कोरोनानंतर परत जमताना बरीच मंडळं दारात सॅनिटायझर ठेवायची आणि झालं म्हणायची, पण गाण्याचं तसं नाही, मोकळ्या गळ्याने गाताना श्वासातून बारीक थेंब खूप बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते हवेत तरंगत राहतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीच्या गायकमंडळाची १० मार्च २०२० ला अडीच तास तालीम झाली, ६१ जण होते, त्यात एकाला आधीच सर्दीसारखं वाटत होतं, पुढे मिळून ५३ जण कोरोनाने आजारी पडले आणि दोघं गेली. हात साफ ठेवायची काळजी त्यांनीही घेतली होती. म्हणून आधी हवा बघा.

तीन बाजूंनी उघडा सभामंडप मिळाला तर दुसरी जागा शोधूच नका, पावसाळ्यात ताडपत्री फक्त झड येते त्या बाजूलाच बांधा. सोसायटीचा एसी हॉल मात्र मला अजिबात पटत नाही, साधा स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो. हॉलच घ्यावा लागला तर समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, एक पंखा खिडकीकडे तोंड करून हवा बाहेर जाईल असा लावायचा, आणि जमलं तर कार्बन डायऑक्साईडचं छोटं मीटर आणायचं, श्वासाची हवा आत किती साठलीय ते त्यावरून कळतं, बाहेर मोकळ्यावर ते ४२० च्या आसपास दाखवतं, आत ८०० च्या वर गेलं की भजन थांबवून सगळ्यांनी अंगणात यायचं, चहा पण तिथेच.

घसा दुखतोय, कणकण आहे तर घरी थांबायचं, हे सगळ्यांना मान्य असतं पण पेटीवाली किंवा पखवाजवाली असेल तर ती तशीच येते कारण तिच्यावाचून अडतं. म्हणून प्रत्येक वाद्याला दुसरी बाई तयार ठेवा, माझ्या मते हे मास्कपेक्षाही जास्त कामाचं आहे. मधुमेह, दमा असणाऱ्यांनी आणि वय झालेल्यांनी बंद जागेत एन९५ लावावा. नंतर कुणी आजारी पडलं तर ग्रुपवर लगेच कळवायचं, आणि तिला कुणी बोल लावायचा नाही हे आधीच ठरवून ठेवा.

आणि लिंक बंद करू नका. एक फोन स्टँडवर पेटीजवळ ठेवायचा, मंडपातल्या बाकीच्यांनी आपल्या फोनवर तीच मीटिंग उघडायची नाही नाहीतर आवाज घुमतो. गुडघ्यांमुळे जिना न उतरणाऱ्या काकू आणि लेकीकडे न्यू जर्सीला गेलेल्या मावशी दोघी यात येतात, आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की नऊ, तेवढं त्यांना आठवणीने कळवा.