कुलबर्गचं कॅरेज क्लॉक हाती आलं असेल तर या चुका टाळा

व्हिक्टर कुलबर्ग मूळचा स्वीडनचा. गॉटलंड बेटावरच्या विस्बी गावात १८२४ साली जन्मला, १८५१ मध्ये लंडनला आला आणि १८९० मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याचं नाव गाजलं ते क्रोनोमीटरमुळे, म्हणजे जहाजांवरच्या अतिशय अचूक घड्याळांमुळे. वर मूठ आणि चारी बाजूंनी काचा असलेली प्रवासी घड्याळं, म्हणजे कॅरेज क्लॉक, त्याने फारच थोडी केली. त्यातलं एखादं लिलावातून कुणाच्या तरी घरी येतं आणि पहिल्याच रविवारी 'जरा साफ करू या' म्हणून पाना-पेचकस बाहेर निघतात. पुढचं सगळं त्या रविवारसाठी आहे.

चावी न उतरवता स्क्रू सोडणं

ही चूक सगळ्यात वाईट, आणि सगळ्यात जास्त दिसते तीही हीच.

कॅरेज क्लॉकच्या वरच्या काचेतून जो हलणारा बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे झुलणारं चक्र, दिसतो, तो एका पट्टीवर बसवलेला असतो. तिला प्लॅटफॉर्म म्हणतात. चार स्क्रू काढले की ती उचलून हातात येते. हे इतकं सोपं दिसतं, की नवशिक्याला मोह आवरत नाही. पण खालच्या सगळ्या चक्रांना अडवून धरणारी एकमेव गोष्ट त्या पट्टीवरच असते. ती उचलली की स्प्रिंगचा सगळा जोर एका क्षणात मोकळा होतो.

साध्या फ्रेंच घड्याळात यामुळे होणारं नुकसान पुरेसं वाईट असतं. लंडनच्या चांगल्या कारागिरांच्या घड्याळात फ्युजी असते, म्हणजे शंकूच्या आकाराचं चक्र, आणि त्यावर सायकलच्या चेनसारखी पण नखापेक्षाही अरुंद साखळी गुंडाळलेली असते. माझ्याकडे असंच एक फ्युजीचं लंडनचं घड्याळ दुरुस्तीला आलं होतं. मालकाच्या तरुण भाच्याने व्हिडिओ पाहून प्लॅटफॉर्म उचलला होता. साखळी तुटून तिचं टोक आतल्या प्लेटवर आपटलं होतं, तिथे पितळेत ठसठशीत चरा पडला होता. प्लॅटफॉर्मला जोडणाऱ्या चक्राचे दात एका बाजूला झोपले होते आणि त्याच्या आधीच्या चक्राचं टोक, केसाएवढं पोलाद, मोडून छिद्रातच अडकलं होतं. मोडलेलं टोक काढून, तिथे भोक पाडून नवं बसवणं हे दिवसच्या दिवस खाणारं काम आहे. तो चरा मी मुद्दाम तसाच ठेवला. घासून काढला असता तर मूळ प्लेटच पातळ झाली असती.

माझी सवय सांगतो. घड्याळ आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं. पण 'बंद पडलंय, म्हणजे जोर संपला' असं कधीच धरायचं नाही. फ्युजीच्या घड्याळात साखळी पूर्ण उतरली तरी स्प्रिंगला मुद्दाम थोडा ताण ठेवलेला असतो. तो स्प्रिंगच्या डबीच्या दांड्यावर चावी घट्ट धरून, दात अडवणारी खिट्टी उचलून, दात-दात करत उतरवायचा. शिवाय चावी देताना घड्याळ थांबू नये म्हणून फ्युजीत आणखी एक छोटी स्प्रिंग असते. तिच्यातही जोर उरलेला असतो. चक्राला बोटाने हलकेच ढकलून ते मोकळं फिरतंय याची खात्री झाल्यावरच मी पहिल्या स्क्रूला हात लावतो. घाई असेल त्याने हे काम घेऊच नये.

एस्केपमेंट, म्हणजे चक्राला एकेक दात सोडणारी यंत्रणा, क्रोनोमीटरसारखी असेल, म्हणजे त्यात डिटेंट हा चक्र अडवणारा नाजूक अडसर असेल, तर धोका दुप्पट. तिथे नुसता बॅलन्स काढला तरी चक्र डिटेंटवर अडून राहतं, म्हणून माणूस गाफील होतो. चिमट्याचा निसटता स्पर्श डिटेंटला झाला की चक्र सुटलंच. डिटेंटची स्प्रिंग इतकी पातळ असते, की ती वाकली तर सरळ करता येते या भ्रमात राहू नका.

चावी दिली तरी चालत नाही, म्हणजे बिघडलं

नाही. डिटेंटचं घड्याळ नुसती चावी दिल्याने सुरू होतंच असं नाही. दोन्ही हातांनी धरून उभ्या अक्षाभोवती हलका झटका द्या, बॅलन्स झुलायला लागेल. एवढ्यासाठी लोक घड्याळ उघडतात.

पितळ समजून घासणं

दिवाळीत समई घासतो तशी याची चौकट घासू नका. चिंच, लिंबू, पितळेची पावडर, सगळं वर्ज्य. या चौकटींवर बहुधा सोन्याचा पातळ मुलामा असतो आणि घासताना जो काळपटपणा फडक्यावर येतो, त्याच्यासोबत सोनंही येतं. गेलेला मुलामा परत देता येतो, पण जाणकार ग्राहक तो दुरूनच ओळखतो आणि बोली खाली येते. मऊ कोरडा ब्रश, जुन्या धुतलेल्या मलमलीचं फडकं, बस. आणि मूठ धरून उचलू नका, खालून आधार द्या.

तेल

शिलाई मशीनचं नको, खोबरेल तर नकोच. तेल लागतं ते चक्रांच्या टोकांना, तेही सुईच्या टोकाएवढं. दातांना लागत नाही. डिटेंटच्या एस्केपमेंटला कोरडंच ठेवतात. हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, तेल लागलं तर वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भलतंच पुढे पळतं.

पुढे जातंय म्हणून बॅलन्सचे स्क्रू पिळणं

कुलबर्गसारख्याच्या घड्याळात वेग कमी-जास्त करायची पट्टी नसू शकते. म्हणजे काहीतरी हरवलंय असं नाही. बॅलन्सच्या रिमवरचे स्क्रू गरमी-थंडीचा फरक भरून काढण्यासाठी जागच्या जागी बसवलेले असतात. त्यांना हात लावलात तर एका कसबी माणसाची कित्येक आठवड्यांची मेहनत पुसली. दिवसाला पाच-सात सेकंद इकडेतिकडे होत असतील तर होऊ द्या.

जुना प्लॅटफॉर्म काढून नवा बसवणं

घड्याळ चालेल. कुलबर्गचं राहणार नाही. असं सुचवणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडून घड्याळ त्याच दिवशी परत आणा.

डायलवरच्या नावावर विसंबणं

त्या काळी विकणारा दुकानदार आपलंच नाव घालून घ्यायचा, आणि उलट दिशेने मोठं नाव नंतर कोरून घेणारेही आहेत. मागच्या प्लेटवरचा क्रमांक आधी पाहा, मग नाव. एकाच हाताने, एकाच हत्याराने कोरलेली अक्षरं भिंगाखाली सारखी दिसतात. दिसली नाहीत तर पैसे देऊ नका.