इम्प्लांटआधी जबड्यात हाड भरून घेताना

उजवीकडची खालची दाढ काढून मी सहा वर्षं तशीच काढली. इम्प्लांटसाठी, म्हणजे जबड्यात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात लावून घ्यायला गेले, तर सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) हाड झिजून जेमतेम ४ मिमी रुंद उरलेलं. स्क्रूच साधारण तेवढा जाड. म्हणजे आधी बोन ग्राफ्ट, कमी पडलेलं हाड भरून घेणं.

होकार देण्याआधी भरायचं हाड कुठलं, ते विचारा. बरेचदा गुरांच्या हाडांवर प्रक्रिया केलेले दाणे असतात. चालत नसेल तर कृत्रिमही मिळतात. मधुमेह, तंबाखू, हाडांच्या ठिसूळपणावरच्या गोळ्या, काही लपवू नका.

ग्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी माझा गाल पुरीसारखा फुगला. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावायचा, थांबून थांबून. चूळ जोरात थुंकायची नाही: दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात घ्यायचं, मान कलती करायची आणि बेसिनमध्ये आपसूक ओघळू द्यायचं. स्ट्रॉ तर नकोच. आठवडाभर गार मऊ भात नि ताक. जिभेला रव्यासारखे दोन-चार कण लागले, घाबरून डॉक्टरांना फोन केला. भरलेले दाणे थोडे सुटतातच म्हणाले. पू, ताप किंवा तीन दिवसांनंतर वाढणारी सूज मात्र लगेच दाखवा.

मग चार-सहा महिने थांबणं. माझा स्क्रू पाचव्या महिन्यात बसला. चकली अजून डाव्या बाजूनेच खाते.