घरातल्या डब्यात कोथिंबीर, तीही मे महिन्यात

भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास गेला की गच्चीवरच्या कुंडीतली कोथिंबीर टिकत नाही. भरीत करायचं आणि वर कोथिंबीर नाही, हे काही खरं नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे घरातच झाकणाचा प्लास्टिकचा डबा, साधारण ५० लिटरचा.

डबा आतून पांढऱ्या रंगाने रंगवा, म्हणजे उजेड रोपांकडे परततो. झाकणाच्या आतून २० वॅटची पांढरी एलईडी पट्टी बसवा. तिचा ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला योग्य वीज पुरवणारा छोटा भाग, वेगळा असेल तर तो डब्याबाहेरच ठेवा, तेवढीच आतली उष्णता कमी. एका बाजूला वर जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा आणि समोरच्या बाजूला खाली भोकं पाडा. गरम हवा वर चढते, म्हणून ही वर-खालची जागा उलटी करू नका.

आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं हे: दिवा दिवसा नको, रात्री लावा. संध्याकाळी ७ ते सकाळी ९, असे १४ तास. दुपारच्या उकाड्यात दिव्याची भर पडत नाही. रोज पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते.

आत कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि गांडूळखत भरलेले, खाली भोकं असलेले ट्रे ठेवा. धणे रगडून दोन फाकी करून पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, धीर धरा. घाई असेल तर मेथी लावा, ती तीन-चार दिवसांत वर येते. पाणी बेताचंच, झाकणावर थेंब साचले तर पंखा जास्त वेळ चालवा, नाहीतर बुरशी धरते.