छोट्या हायस्कूलचं गाण्याचं वर्ष : या चुका टाळा

छोट्या हायस्कूलमध्ये समूहगानासाठी मुलं निवडायची चैन नसते, असतील त्यांना घेऊनच गावं लागतं. पेटीवर हात बसलेलं एखादं मूल, तबल्यावर एखादं, आणि गायला उत्सुक अशी पंधरा-वीस. एवढ्या भांडवलावर रोजच्या प्रार्थनेपासून गॅदरिंगपर्यंत अख्खं वर्ष निभवायचं असतं, आणि ते सुंदर निभतं, हे मी बऱ्याच शाळांत पाहिलंय. जिथे बिघडतं तिथे मुलं कमी पडली म्हणून बिघडत नाही. आधी गाणं ठरतं आणि मग त्यात मुलं बसवली जातात, म्हणून बिघडतं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ या उलट्या क्रमात आहे.

पट्टी रेकॉर्डिंगवरून ठरवणं

सगळ्यांत महागात पडते ती ही चूक. शिक्षकांना एखादं गाणं आवडतं, मोबाइलवर मूळ गाणं लावलं जातं, पेटीवर सूर शोधला जातो, पट्टी (ज्या सुराला 'सा' धरून गायचं तो) काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी निघाली की तालीम काळी पाचमध्येच सुरू. ती पट्टी त्या गायकाच्या गळ्याची होती. आपल्या वर्गातल्या मुलाचा गळा वेगळा आहे, आणि सहा महिन्यांनी तो आणखी वेगळा असणार आहे.

साधारण अकरा ते सोळा या वयात कधीतरी मुलग्यांचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. हे एका रात्रीत होत नाही. काही महिने मधल्या चार-पाच सुरांचाच भरवसा असतो. वरचे निसटतात आणि खालचे अजून बसलेले नसतात. मुलींचाही आवाज या वयात बदलतो. तो तेवढा उतरत नाही, पण काही काळ स्वराबरोबर श्वासही ऐकू येतो. अशा वेळी 'रियाज कमी पडतोय' म्हणून मुलीला दामटलं जातं, तेव्हा मला फार वाईट वाटतं. तो रियाजाचा दोष नाही, वाढीचा भाग आहे.

एका शाळेच्या कार्यक्रमात मी विंगेत मदतीला उभा होतो. मुख्य गाणारा मुलगा वर्षाच्या सुरुवातीला काळी पाचमध्ये मोकळा गात होता, म्हणून गाणं त्याच पट्टीत बसवलेलं. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात लक्षात आलं की तार सप्तकाच्या षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, त्याचा आवाज चिरतोय. मग सोपा उपाय निघाला : कीबोर्डचं ट्रान्सपोजचं बटण दाबून पट्टी एक स्वर खाली, म्हणजे काळी चारवर आणायची. वाजवणाऱ्या मुलीची बोटं सवयीच्याच पट्ट्यांवर, आवाज मात्र खालचा. तबला नव्या पट्टीत लावून घेतला. तालीम छान झाली, सगळे निर्धास्त झाले.

पडदा उघडायच्या जरा आधी माइकची वायर ओढताना कुणाच्या तरी पायात एक्स्टेन्शन अडकली आणि कीबोर्डचा प्लग निघाला. लगेच परत लावला. कीबोर्ड सुरू झाला, दिवे लागले, कुणालाच शंका आली नाही. पण बऱ्याच कीबोर्डवर बंद करून चालू केलं की ट्रान्सपोज पुन्हा शून्यावर येतं. गाणं सुरू झालं ते जुन्या काळी पाचमध्ये, आणि तबला काळी चारला लावलेला. पहिल्या समेलाच विंगेतल्या आम्हा सगळ्यांना कळलं. मुलीने वाजवता वाजवता खाली पाहिलं, बटणाकडे हात नेला आणि पुन्हा मागे घेतला, कारण मध्येच पट्टी बदलली तर गाणारा पडला असता. मुलाने मुखडा रेटला, अंतऱ्यात वर चढला आणि थांबला. मागच्या मुलींनी ओळ उचलून गाणं पूर्ण केलं. तो मुलगा त्यानंतर वर्षभर स्टेजवर आला नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं, कारण चूक त्याची कणभरही नव्हती.

ट्रान्सपोजच्या बटणाबद्दल माझं मत पक्कं आहे : शाळेत त्याच्यावर विसंबू नका. वाजवणाऱ्या मुलाला तेच गाणं शेजारच्या दोन पट्ट्यांत स्वतःच्या बोटांनी वाजवता आलं पाहिजे. याला दोन-तीन आठवडे जास्त लागतात. तेवढे दिवस नसतील तर गाणं सोपं घ्या.

माझी सवय अशी आहे. दर दीड-दोन महिन्यांनी प्रत्येक मुलाला एकेकटं पेटीजवळ बोलावतो. गाणं म्हणायला लावत नाही, आधी नुसतं बोलायला लावतो, आज डब्यात काय आणलंस असं काहीतरी. बोलण्याचा आवाज कुठे आहे ते कानाने पकडतो आणि तिथून वर-खाली 'आ'कारात नेतो. आरामात जिथपर्यंत जातो ते दोन सूर वहीत नावापुढे लिहितो. ताणून जिथपर्यंत पोचतो ते लिहीत नाही, कारण स्टेजवर घाबरलेला गळा ताणून तिथे पोचत नाही. गाणी निवडायला बसतो तेव्हा माझ्यासमोर ही वही असते. मोबाइल लागतो तो नंतर.

मुलं-मुली एकत्र गात असतील तर आणखी एक अडचण येते. मुलींना काळी चार सोयीची असेल तर आवाज फुटलेल्या मुलांना बहुधा काळी एक सोयीची पडते, म्हणजे मुलींचा मध्यम ('म'). दोघांना एकाच पट्टीत पूर्ण गाणं म्हणायला लावलं की एक गट किंचाळतो नाहीतर दुसरा पुटपुटतो. अशा मुलांना मी ध्रुवपदाची ओळ खालच्या सुरांत बांधून देतो, किंवा षड्ज-पंचमाचा धरलेला स्वर देतो. पाच सुरांत बसणारी ओळ त्यांना मनापासून गाता येते आणि समूहाला खालून भरीवपणा येतो. यासाठी शिक्षकाला थोडं बसून लिहावं लागतं. तयार गाणं जसंच्या तसं उचलण्याची घाई असलेल्यांना हे जमत नाही, आणि त्यांचीच मुलं ओरडताना दिसतात.

तबल्याचा विचार शेवटी करणं

कार्यक्रमात सहा गाणी, सहांच्या पट्ट्या वेगळ्या आणि तबला एकच, हे सर्रास दिसतं. तबला एका ठराविक टप्प्यातच नीट बोलतो. एखाद-दुसऱ्या स्वराने चढवता-उतरवता येतो, त्यापुढे गेलं की एकतर ठोकळ्यासारखा वाजतो नाहीतर पुडी (वरचं कातडं) फाटायची भीती. सगळी गाणी दोन पट्ट्यांत बसवा आणि एका पट्टीतली गाणी सलग ठेवा. काळी एकचा तबला काळी चारच्या गाण्याला मध्यम म्हणून चालवून घेता येतो, पण त्या गाण्यात मध्यमाला मान असेल तरच. दमट हवेत पुडी सैलावते, स्टेजच्या प्रखर दिव्यांखाली ताणली जाते. म्हणून तबला खोलीत लावून आणायचा नाही, जिथे वाजणार तिथे थोडा वेळ ठेवून मग लावायचा. बासरी वेगळ्याच कारणाने फसवते : फुंकून आतली हवा गरम झाली की तिचा सूर चढतो. आधी पाच मिनिटं फुंकून घ्या, मग सुराला सूर मिळवा.

'तू फक्त ओठ हलव'

हे वाक्य मी ज्या ज्या शाळेत ऐकलं तिथे तिथे त्याबद्दल बोललो आहे आणि पुढेही बोलणार आहे. बेसूर वाटणाऱ्या मुलाला समूहात उभं करायचं पण गाऊ द्यायचं नाही, ही क्रूर सोय आहे. मोठी झालेली कितीतरी माणसं 'मला गाता येत नाही' असं सांगताना शाळेतला असाच एखादा प्रसंग सांगतात.

यातली बहुतेक मुलं सूर ऐकू शकतात, पण आपला आवाज त्या सुरापर्यंत न्यायचा कसा हे त्यांना सापडलेलं नसतं. त्यांना सूर देऊन 'म्हण' म्हटलं की ती तिसरंच काहीतरी म्हणतात. म्हणून उलटं करायचं : तो जो सूर काढतो तो आपण पेटीवर पकडायचा आणि त्याच्याबरोबर तोच गायचा. दोन आवाज एकमेकांत मिसळले की कसं वाटतं, हे त्याला पहिल्यांदा कळतं, चेहऱ्यावर दिसतं. मग तिथून एक सूर वर, एक सूर खाली. रोज थोडा वेळ, एकट्याला, इतरांसमोर नाही. समूहात त्याला कडेला उभं करू नका, दोन पक्क्या आवाजांच्या मधे ठेवा. काही मुलांना महिना लागतो, काहींना पूर्ण वर्ष. छोट्या शाळेत प्रत्येक गळा लागतो, आणि हा वेळ देणं हे शिक्षकाचं कामच आहे.

सगळं त्याच चार मुलांवर

समूहगानात तीच मुलगी पुढे, एकल गाण्यात तीच, पेटीवर तीच, निवेदनही तिच्याकडेच. पहिले काही महिने हे फार छान चालतं. मग स्पर्धा, गॅदरिंग आणि परीक्षा एकाच सुमारास येतात आणि कार्यक्रमाच्या सकाळी तिचा घसा बसलेला असतो. एका शाळेत अशाच सकाळी पाचपैकी तीन गाणी रद्द करावी लागली, कारण ती तिच्याशिवाय कुणालाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत येत नव्हती. मी प्रत्येक जागेसाठी दोन नावं लिहितो आणि तालमीत दर आठवड्याला दुसऱ्याला पुढे बसवतो. तोपर्यंत पहिला समूहात गातो. पालक कधीकधी नाराज होतात, तरी मी ते बदलत नाही.

शेवटच्या वर्षाची मुलं परीक्षेमुळे वर्षाच्या उत्तरार्धात तालमीला येत नाहीत, हे दर वर्षी माहीत असतं आणि दर वर्षी धक्का बसल्यासारखे सगळे वागतात. वर्ष सुरू होतानाच खालच्या वर्गातलं एकेक मूल त्यांच्या शेजारी बसवा.

प्रत्येकाच्या तोंडाला माइक

माइक जास्त म्हणजे आवाज जास्त, ही समजूत काही जात नाही. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी (स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून होणारी) सुरू होण्याआधी आवाज वाढवायला मिळणारी मोकळीक 3 डेसिबलने घटते. आठ माइक उघडे ठेवले की एकाच्या तुलनेत 9 डेसिबल हातचे गेले. मग आवाजवाला सगळंच खाली ओढतो आणि मुलं ऐकूच येत नाहीत. वीस मुलांच्या समूहाला दोन माइक पुरतात : पुढच्या रांगेपासून दोन-तीन फुटांवर, डोक्यापेक्षा जरा उंच, तोंड मागच्या रांगेकडे झुकवलेलं. दोन माइकांमधलं अंतर, माइक आणि मुलं यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा, नाहीतर एकच आवाज दोन्हींत थोडा पुढे-मागे पोचतो आणि पोकळ वाटतो. स्पीकर मुलांच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. मुलांच्या मागे स्पीकर ठेवला की शिट्टी ठरलेली.

माइक तपासताना 'हॅलो, हॅलो' म्हणून काही कळत नाही. पूर्ण समूह उभा करून गाण्यातला सगळ्यांत हळू आवाजाचा आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाचा भाग म्हणून घ्या.

आणखी काही

'जोरात म्हणा' असं सांगू नका. मुलं गळा आवळून ओरडतात आणि सूर हलतो. 'तोंड उघडा, शब्द पुढे टाका' असं सांगा, आवाज आपोआप वाढतो.

ओळीचा शेवटचा शब्द सगळ्यांनी एकाच वेळी सोडायला शिकवा. निम्मी सफाई यातच आहे.

मोबाइलवरून ट्रॅक लावत असाल तर तो एअरप्लेन मोडवर टाका आणि वायरने जोडा. खरं तर ट्रॅक लावूच नका. मूल एखादी ओळ विसरलं तर पेटीवाला थांबतो, ट्रॅक थांबत नाही.

लय तालमीत ठरवून वहीत लिहा. स्टेजवर घाबरलेली मुलं नेहमी घाई करतात, म्हणून मी मात्रा मोजून सुरुवात करून देतो आणि ते काम तबलजीवर सोडत नाही.

प्रत्येक कार्यक्रमासाठी नवं गाणं बसवू नका. पाच गाणी पक्की असलेल्या समूहाचं वर्ष पंधरा गाणी अर्धवट येणाऱ्या समूहापेक्षा फार चांगलं जातं.

शेवटची तालीम कार्यक्रमाच्या दिवशी ठेवू नका. आदल्या दिवशी एकदा पूर्ण कार्यक्रम न थांबता घ्या, चुकलं तरी पुढे जा, आणि त्या दिवशी कुणाला काही सुधारायला सांगू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त दहा मिनिटं खालच्या सुरांत गळा मोकळा करून घ्या, पाणी प्यायला लावा आणि मुलांना स्टेजवर जाईपर्यंत गाऊ देऊ नका.